गोष्ट संपली होती, तरी पुढचे भाग आले

अर्धविराम

(स्पॉयलर भरपूर आहेत. 'सुपरनॅचरल', हॅरी पॉटर, अर्थसीची पुस्तकं यांपैकी काही वाचायचं किंवा बघायचं राहिलं असेल तर इथूनच परत फिरा.)

मालिका लांबली की कंटाळा येतो, ही तक्रार आपण सगळेच करतो. माझी तक्रार वेगळी आहे. गोष्ट जिथे आपसूक संपते, त्याच्या पुढे ती रेटली की नवा भाग तर बिघडतोच, पण आधीचा छान जमून आलेला शेवटही आपल्याकडून काढून घेतला जातो.

'सुपरनॅचरल' या टीव्ही मालिकेवरून सांगतो, कारण तिच्यावर माझं फार प्रेम आहे. सॅम आणि डीन हे भुताखेतांची शिकार करणारे दोन भाऊ तिचे नायक. २००५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचा जनक एरिक क्रिपकेच्या डोक्यात पाच सीझनची गोष्ट होती आणि २०१० मध्ये पाचव्या सीझनच्या शेवटच्या भागात ती खरोखर पूर्ण झाली. सॅमच्या शरीरात सैतान शिरलेला आहे. तो डीनला मरेस्तोवर मारतोय. तेवढ्यात त्याची नजर गाडीच्या ॲशट्रेकडे जाते. लहानपणी सॅमने तिथे खेळण्यातला एक सैनिक अडकवून ठेवलेला असतो, तो अजून तिथेच आहे. त्या एका गोष्टीमुळे सॅम स्वतःच्या शरीरावर ताबा मिळवतो आणि सैतानासकट त्याला डांबायच्या कोठडीत उडी घेतो. देवदूतांची फौज, चार घोडेस्वारांच्या अंगठ्या, भाकितं, हे सगळं एकीकडे, आणि अख्खं बालपण त्या गाडीत काढलेले दोन भाऊ एकीकडे. पाच वर्षं पेरत आणलेलं सगळं त्या एका प्रसंगात उगवून आलं. सॅमला दिलेल्या शब्दाखातर डीन शिकार सोडतो आणि जुन्या मैत्रिणीच्या, लिसाच्या दाराशी जाऊन उभा राहतो.

आणि मग अगदी शेवटच्या काही सेकंदांत त्या घराबाहेर, रस्त्यावरच्या दिव्याखाली सॅम उभा दिसतो.

पुढे आणखी दहा सीझन झाले. २०२० पर्यंत एकूण ३२७ भाग. त्यातले काही अप्रतिम आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्या उडीचं काय झालं? सॅम परत आला, नंतर त्याचा आत्मा परत आला, कॅस्टिएल हा देवदूत मेला आणि परत आला, पुन्हा मेला आणि पुन्हा आला. मरण ही त्या दुनियेत तात्पुरती अडचण होऊन बसली. आता पाचवा सीझन पुन्हा बघायला घेतला की उडीचा प्रसंग आला तरी माझ्या पोटात काही हलत नाही, कारण खाली पडणारा माणूस कधी वर येणार हे मला माहीत झालेलं आहे.

मला असं वाटतं, की चांगल्या फँटसीच्या शेवटी कुणीतरी काहीतरी मोजलेलं असतं. जीव, शक्ती, घर, जवळचं माणूस. म्हणूनच जादूच्या गोष्टी खऱ्या वाटतात. जादूने सगळं मिळू शकतं अशा जगात एक गोष्ट मात्र गेली ती गेलीच. पुढचा भाग काढायचा म्हटलं की नेमकी तीच परत द्यावी लागते, कारण सगळ्यांना तीच पात्रं, त्याच रूपात, तशीच हवी असतात.

तुमच्या हातातून कुठली मालिका अशी गेली? आणि शेवटानंतर पुढे जाऊनही टिकलेली एखादी असेल तर तीही सांगा. मला ती जास्त वाचायची आहे.

पानोपानी

शंभर टक्के सहमत. त्यात खलनायकाच्या उंचीचा प्रश्नही धरा. सैतान येऊन गेला, जगबुडी टळली. आता त्याच्या वर काय आणणार? मग लेव्हायथन नावाचे राक्षस आले, अकराव्या सीझनला देवाची बहीण आली आणि पंधराव्यात तर खुद्द देवच खलनायक. दर वर्षी जग बुडायच्या बेतात. पहिल्या सीझनमध्ये एका लहानशा गावातलं एक भूत जेवढं घाबरवायचं, तेवढं पुढे देवालाही जमलं नाही.

चकचं तर फार वाईट वाटतं. पाचव्या सीझनच्या शेवटी हा साधासा लेखक टाईप करत बसलेला असतो, 'समाप्त' लिहितो आणि हवेत विरून जातो. तो देव होता का? ते आपल्यावर सोडलेलं होतं. मी त्या एका प्रश्नावर मित्रांशी रात्र रात्र वाद घातलेत. पुढे त्याचं उत्तर दिलं, आणि उत्तर देऊन थांबले नाहीत, त्याला दुष्टही केलं. न सांगितलेली गोष्टसुद्धा शेवटाचाच भाग असते. ती सांगून टाकली की काहीतरी हरवतंच.

रानवारा

मी दुसऱ्या बाजूने बोलते.

मी ही मालिका बघायला लागले तेव्हा नववा सीझन चालू होता. ज्याला तुम्ही 'गोष्ट संपल्यानंतरचा' भाग म्हणता, तिथे माझी सुरुवात झाली. बंकरमध्ये राहणारे ते दोघे, कॅस्टिएल, नंतर आलेला सैतानाचा मुलगा जॅक, हे सगळं तुमच्या शेवटाच्या पलीकडचं आहे आणि माझ्या सर्वात आवडत्या गोष्टी तिथेच आहेत. पाचव्या सीझनला थांबले असते तर हे काहीच नसतं.

आणि न आवडणारा भाग बघायची सक्ती कुणावर आहे? पाचवा सीझन आहे तसाच आहे. त्यातली एक चौकटसुद्धा कुणी बदललेली नाही. पाचव्यावर थांबा, तुमचा शेवट तुमच्याकडे सुरक्षित आहे.

अर्धविराम

रानवारा, जॅकबद्दल तुम्ही म्हणता ते मला पटतं. पण 'चौकट बदलत नाही' हे पटत नाही. 'तो मेला' असं एक वाक्य आहे समजा. त्याच्या पुढे कुणी 'असं सगळ्यांना वाटलं' एवढं जोडलं, तर पहिल्या दोन शब्दांना हातही न लावता त्यांचा अर्थ गेला ना? मला थांबायचं असलं तरी जे कळलं ते विसरता येत नाही. आणि इथे तर दिव्याखालचा सॅम त्याच भागात आहे. थांबायचं कुठे, शेवटच्या मिनिटाआधी?

रानवारा

हो, मी तरी तसंच केलं असतं. गोष्ट कुठे संपली हे ठरवायचा हक्क वाचणाऱ्यालाही असतो. लेखकाने पुढे लिहिलं म्हणून ते माझ्यासाठी घडलंच पाहिजे असं नाही. तुम्ही लेखकाला फार अधिकार देताय.

मंजिष्ठा

वाचतेय. दोघांचंही पटतंय, ही माझी अडचण आहे :)

माझ्याकडून पॉटर. सातवं पुस्तक २००७ मध्ये आलं आणि त्याच्या शेवटी एकोणीस वर्षांनंतरचं प्रकरण आहे. ते अनेकांना गोडगोड वाटतं, मला आवडतं. दार लावून घेतल्यासारखं आहे ते. आणि मग २०१६ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर 'कर्स्ड चाइल्ड' आलं. त्याची संहिता वाचून मी अस्वस्थ झाले. नाटक म्हणून रंगमंचावर ते डोळे दिपवणारं आहे असं बघितलेले लोक सांगतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं टाइम टर्नरबद्दल आहे.

तिसऱ्या पुस्तकात काळात मागे जायचं यंत्र आणलं, आणि ते आणल्यावर पुढच्या प्रत्येक मृत्यूला 'मग मागे जाऊन वाचवा ना' असा प्रश्न विचारता येऊ लागला. म्हणून पाचव्या पुस्तकातल्या मंत्रालयातल्या झटापटीत तो सगळा साठाच फुटला. मला ते वाचताना फार बरं वाटलं होतं. आता जो जाईल तो जाईल, अशी ग्वाही होती ती. नाटकात थिओडोर नॉटकडे एक टाइम टर्नर सापडतो आणि सगळी कथा त्यावर उभी राहते. चौथ्या पुस्तकात मेलेल्या सेड्रिकला वाचवायला मागे जातात! सेड्रिक म्हणजे या मालिकेत बालपण संपलं ती जागा. त्याला हात लावायला नको होता. नाटकातही त्याला वाचवता येत नाही, उलट सगळं बिघडतं, हे मान्य. पण तो प्रश्नच पुन्हा विचारता यायला नको होता.

वाटसरू

धाग्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळू नयेत म्हणून लिहितो. शेवट ओलांडणं वेगळं आणि शेवट लांबवणं वेगळं.

'व्हील ऑफ टाइम' ही पुस्तकमालिका दुसऱ्या प्रकारातली. १९९० मध्ये पहिलं पुस्तक आलं, २०१३ मध्ये चौदावं. शेवटची लढाई होणार हे पहिल्या पुस्तकापासून माहीत, पण मधली काही पुस्तकं हलता हलत नाहीत. २००३ मधलं दहावं पुस्तक आठवा. नवव्याच्या शेवटी जादूच्या पुरुषी अर्ध्या भागावरचा विटाळ धुऊन निघतो, एवढी प्रचंड घटना. वाचकांनी दहाव्यासाठी दोन वर्षांहून जास्त वाट पाहिली आणि त्यातला बराचसा भाग, त्याच वेळी बाकीची पात्रं कुठे काय करत होती हे सांगण्यात जातो. मी तेव्हा सोडून दिली होती.

तरीही ही मालिका मला फसवणूक वाटत नाही. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले. शेवटचा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलेला होता. ब्रँडन सँडरसनने त्यांच्या टिपणांवरून उरलेली गोष्ट तीन पुस्तकांत पूर्ण केली. वाट कितीही वळसे घालून गेली तरी पोहोचायचं ठिकाण बदललं नाही, आणि तिथे पोहोचल्यावर ती थांबली. त्या दुनियेत पुढच्या काळातल्या आणखी कथा लिहायचं जॉर्डनच्या मनात होतं. त्या त्यांच्या पश्चात कुणी लिहिल्या नाहीत, याचा मला मनापासून आदर आहे. विकल्या नक्की गेल्या असत्या.

जुनं_पुस्तक

अर्धविराम, 'शेवटानंतर पुढे जाऊनही टिकलेली' असं तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. माझं उत्तर अर्थसी.

उर्सुला ली ग्विनची पहिली तीन पुस्तकं १९६८, १९७१ आणि १९७२ मधली. तिसऱ्यात गेड हा महाजादूगार तरुण अ‍ॅरनला घेऊन मृतांच्या कोरड्या प्रदेशात उतरतो. जीवन आणि मृत्यू यांच्यामध्ये कुणीतरी भोक पाडलेलं आहे आणि जगातली सगळी जादू, सगळा अर्थ त्यातून गळून चाललाय. ते बुजवायला गेड स्वतःची सगळी शक्ती वापरतो. काही शिल्लक राहत नाही. अ‍ॅरन त्याला डोंगरापलीकडे वाहून आणतो, एक म्हातारा ड्रॅगन त्यांना पाठीवर घेतो, अ‍ॅरन राजा होतो, आणि गेडचं पुढे काय झालं याच्या दोन वेगवेगळ्या आख्यायिका सांगून पुस्तक संपतं. याहून नेटका शेवट मी वाचलेला नाही. कुणीही म्हणेल, आता हात लावू नका.

अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, तिने हात लावला. 'तेहानू' त्याच ड्रॅगनच्या पाठीवरून सुरू होऊ शकलं असतं. पण ते सुरू होतं टेनारपासून. दुसऱ्या पुस्तकातली ती मुलगी आता मध्यमवयीन आहे, शेतकऱ्याची विधवा आहे, आणि आगीत होरपळलेल्या एका लहान मुलीला सांभाळतेय. ड्रॅगन गेडला आणून तिच्यापाशी उतरवतो. पुढचं सगळं पुस्तक मी एकाच आशेवर वाचलं, की आता याची शक्ती परत येईल.

ती येत नाही. राजाची माणसं त्याला न्यायला येतात तेव्हा तो लाजेने लपून बसतो. जगातला सर्वात मोठा जादूगार डोंगरावर शेळ्या राखायला जातो. ज्याने ड्रॅगनशी बोलणी केली, तो आता साध्या माणसासारखा थकतो, घाबरतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणावर तरी प्रेम करतो. शेवटी संकट येतं तेव्हाही त्याच्या हातून काही जादू होत नाही.

अर्धविराम म्हणताहेत ती किंमत इथे एका पैशानेही परत मिळालेली नाही. उलट तिसऱ्या पुस्तकात 'गेडने शक्ती गमावली' हे एक भव्य वाक्य होतं, 'तेहानू'मध्ये ती गमावल्यावर सकाळी उठून माणूस काय करतो हे दिसतं. चौथं पुस्तक वाचल्यावर तिसऱ्याचा शेवट मला जास्त मोठा वाटू लागला. पुढचा भाग लिहायचाच असेल तर असा.

आणखी एक. 'तेहानू'वर तिने 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं उपशीर्षक दिलं होतं. २००१ मध्ये आणखी दोन पुस्तकं आली आणि ते चुकीचं ठरलं हे तिने स्वतःच मोकळेपणाने लिहिलं. 'द अदर विंड'मध्ये तर तो मृतांचा कोरडा प्रदेश मुळात असा का आहे, त्याची भिंत कुणी घातली, असं ती विचारते. तीन पुस्तकांत आपण जे निसर्गनियम म्हणून मान्य केलं होतं, ते कुणाच्या तरी लोभाचं फळ निघतं. हेही जुनं उघडणंच आहे. पण ते उघडताना तिने कुणाला जिवंत करून परत आणलं नाही.

पानोपानी

जुनं_पुस्तक, प्रतिसाद साठवून ठेवतोय.

निळी_शाई

मी प्रामाणिकपणे सांगते, 'तेहानू'ने माझी निराशा केली. पुस्तक वाईट आहे असं म्हणत नाही. त्याला नेब्युला पुरस्कार मिळालाय आणि तो योग्यच आहे. पण शाळेत असताना गेड माझ्यासाठी कोण होता हे तुम्हाला कसं सांगू! त्याने शक्ती वापरून संपवली आणि तो डोंगरातल्या अरण्यात निघून गेला, असं मी मनाशी धरलं होतं. त्याला लपून बसलेलं, शरमलेलं बघणं मला सोसवलं नाही. किंमत परत दिली नाही हे खरं. पण ज्याने ती दिली त्याची शान मात्र काढून घेतली असं मला वाटलं.

म्हणजे किंमत राखली की झालं, असं मला नाही वाटत. एखाद्या पात्राला निरोप दिलेला असतो आपण. तो निरोप परत मागायला कुणी आलं तर राग येणारच, मग ते कितीही उत्तम लिहिलेलं असो.

जुनं_पुस्तक

निळी_शाई, हे वाचून जरा थांबलो. पण ती शरम गेडची आहे, पुस्तकाची नाही. टेनारला तो कधीच कमी वाटत नाही. ली ग्विन विचारते, की पुरुषाकडून सत्ता गेली तर उरतं काय. आणि उत्तर देते की बरंच काही उरतं. शेवटी तो भाजी लावतो, शेळ्या पाळतो, आणि तो सुखी आहे. ते मला अरण्यात नाहीसं होण्याहून कठीण वाटतं.

निळी_शाई

ते पटतं. वाईट वाटायचं ते वाटतंच.

उत्तररात्र

'नैसर्गिक शेवट' ही कल्पनाच तपासायला हवी असं मला वाटतं. आपल्याकडचं सर्वात मोठं उदाहरण समोर आहे, त्याचा उल्लेख अजून कसा झाला नाही?

महाभारताची अठरा पर्वं. युद्ध आणि अश्वत्थाम्याची ती भयानक रात्र दहाव्या पर्वात संपते. दुर्योधन पडला, पांडव जिंकले. आजचा कुणी संपादक असता तर म्हणाला असता, इथे थांबा. पुढे आठ पर्वं आहेत. त्यात शांतिपर्व आणि अनुशासनपर्वातला उपदेश बाजूला ठेवा, तो वेगळा विषय. पण गोष्ट कशी चालते बघा. स्त्रीपर्वात गांधारी रणांगणावर आपली मुलं शोधते आणि कृष्णाला शाप देते. आश्रमवासिकपर्वात धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वणव्यात जातात. कुंती! ज्यांच्यासाठी सगळं केलं ते मुलगे राज्यावर बसल्यावर ती दीर-जावेबरोबर अरण्यात गेली.

आणि मौसलपर्व. यादव आपापसांत मरतात. अर्जुन द्वारकेतल्या स्त्रियांना घेऊन निघतो, वाटेत आभीर लुटारू हल्ला करतात. गांडीवाला प्रत्यंचा चढवताना त्याची दमछाक होते. अस्त्रं आठवत नाहीत. अक्षय म्हणवलेले भाते रिकामे होतात. डोळ्यांदेखत स्त्रियांना पळवून नेतात आणि अर्जुनाला, त्या अर्जुनाला, काहीच करता येत नाही. पुढे व्यास त्याला सांगतात की अस्त्रांचं काम झालं, ती गेली.

निळी_शाई, तुमचा गेड आठवला मला इथे. अर्जुनाची शानही काढून घेतलीच आहे. पण मौसलपर्व नसतं तर महाभारत ही एका विजयाची गोष्ट राहिली असती. आपण ज्याला शेवट समजतो तो कधी कधी फक्त विजय असतो.

अर्धविराम

उत्तररात्र, नमस्कार. धागा काढताना हे डोक्यात नव्हतं.

पण यामुळे माझा मुद्दा आणखी पक्का होतो. त्या आठ पर्वांत युद्धात गेलेलं कुणीही कायमचं परत येत नाही. आश्रमवासिकपर्वात व्यास मेलेल्या सगळ्यांना गंगेतून वर आणतात, पण एका रात्रीपुरतं. सकाळी ते निघून जातात. आजच्या एखाद्या मालिकेच्या हाती हा प्रसंग लागला असता तर कर्ण तिथेच राहिला असता आणि पुढचा सीझन त्याच्यावर निघाला असता. व्यासांनी रात्र दिली आणि सकाळ दिली. यापेक्षा चांगलं उदाहरण मला देता आलं नसतं.

नकाशाप्रेमी

सगळे लेखकांना बोलताहेत, जरा वाचकांकडेही या.

ओझ या जादूच्या देशाच्या पुस्तकांचं उदाहरण द्यायलाच हवं. एल. फ्रँक बाउमने १९०० मध्ये पहिलं पुस्तक लिहिलं. १९१० मधल्या सहाव्या पुस्तकात त्याने रीतसर शेवट केला. डोरोथीचे काका-काकू कायमचे ओझमध्ये राहायला येतात, ग्लिंडा सगळ्या प्रदेशावर मंत्र टाकून तो जगाच्या नजरेआड करते, आणि डोरोथी लेखकाला चिठ्ठी पाठवते की आता आमचा-तुमचा संबंध संपला. फँटसीतल्या लेखकाने आपल्याच दुनियेला घातलेलं इतकं पक्कं कुलूप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

१९११ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. मुलांची पत्रं येतच होती. १९१३ मध्ये सातवं पुस्तक आलं. त्यात म्हटलंय की ओझशी बिनतारी संदेशाने पुन्हा संपर्क झाला! बाउमची स्वतःची चौदा पुस्तकं झाली, त्यातली शेवटची दोन तो गेल्यावर छापली गेली. मग प्रकाशकाने रूथ प्लमली थॉम्पसनकडे काम दिलं आणि तिने आणखी एकोणीस लिहिली.

यात मला बाउमचा राग येत नाही. कर्ज असलेला माणूस आणि 'अजून सांगा ना' म्हणणारी मुलं. आपणही तेच करतो. शेवटचं पुस्तक मिटल्यावर पहिली गोष्ट आपण शोधतो ती 'पुढचा भाग कधी'. मग तो आला की म्हणतो, कशाला आला.

हिंदीतही असंच. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' लोकांना इतकी आवडली की 'चंद्रकांता संतती'चे चोवीस भाग झाले, नंतर त्यातल्याच भूतनाथवर वेगळी मालिका. ती अपुरी ठेवून खत्री गेले आणि मुलाने पूर्ण केली. मात्र तिथे भूतनाथ हे मुळातच असं पात्र होतं की ज्याचा भूतकाळ वाचकाला छळत होता. ओढून आणलेलं नव्हतं.

रानवारा

नकाशाप्रेमी +१. 'अजून हवं' असं वाटणं हा काही वाचकाचा दोष नाही, तेवढंच फक्त म्हणेन. गोष्टीवर जीव जडल्याचंच ते लक्षण आहे.

कागदी_होडी

मी मांगावाला, म्हणजे जपानी चित्रकथा वाचणारा. 'नारुतो' २०१४ मध्ये ७०० प्रकरणांवर संपलं. ज्याच्याशी गावातलं कुणी बोलत नव्हतं तो मुलगा, नारुतो, होकागे म्हणजे गावाचा प्रमुख झाला. ज्या स्वप्नावर पंधरा वर्षं मालिका चालली ते पूर्ण. मग त्याच्या मुलाची मालिका, 'बोरुतो'.

त्यात नारुतो काय करतो? कागदांच्या ढिगामागे बसतो. मुलीच्या वाढदिवसालाही स्वतः येऊ शकत नाही, विद्येने बनवलेली आपली प्रतिकृती पाठवतो. माझ्या ओळखीतले बरेच जण यावर भडकले होते, 'आमच्या नारुतोला वाईट बाप केलं' म्हणून. मला ते पटलं. स्वतः आईबापाविना वाढलेल्या मुलाला घर कसं चालवायचं हे कुठून कळणार? स्वप्न पूर्ण झालं तर दुसऱ्या दिवशी काय, हा खरा प्रश्न आहे.

मला खटकलं ते पुढचं. नवा शत्रू ताकदवान दाखवायचा म्हणून नारुतो आणि त्याचा मित्र सासुके या जुन्या दोघांना एकेक करून दुबळं करत नेलं. सासुकेचा रिनेगन, म्हणजे शक्ती देणारा डोळा, गेला. नारुतोच्या शरीरात राहणारा कोल्हा कुरामा गेला. कुरामाचा निरोप वाचताना मी रडलो, खोटं कशाला बोलू, पण नंतर वाटलं की हा मृत्यू नारुतोच्या गोष्टीसाठी झालेला नाही, नव्या मुलासाठी जागा करायला झालाय. अर्धविराम म्हणतात तसं किंमत परत देणं एक, आणि हे दुसरं: शेवटी जे मिळालं ते पुढच्या पिढीच्या सोयीसाठी काढून घेणं. गेडची शक्ती त्याच्याच निर्णयाने गेली होती. तो फरक फार मोठा आहे.

वाटसरू

कागदी_होडी, शेवटचं वाक्य नेमकं आहे.

मंजिष्ठा

थांबण्याचंही एक उदाहरण हवं धाग्यात. टॉल्किनने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पुढची गोष्ट सुरू केली होती. नाव 'द न्यू शॅडो'. अ‍ॅरागॉर्नच्या मुलाचं राज्य, शांततेचा काळ. माणसं सुखाला कंटाळली आहेत, कुठेतरी एक गुप्त पंथ वाढतोय, आणि गोंडोरची पोरं ऑर्क-ऑर्क खेळतात. काही पानं लिहून त्याने सोडून दिलं. नंतर एका पत्रात कारणही दिलं, की कट, त्याचा शोध आणि पाडाव अशी एक उत्कंठावर्धक कथा लिहिता आली असती, पण ती तेवढीच झाली असती, म्हणून करण्यासारखी नव्हती.

त्याच्या मुलाने ती पानं १९९६ मध्ये छापली. मी वाचली आहेत. ऑर्क-ऑर्क खेळणाऱ्या पोरांचा तपशील जबरदस्त आहे, मान्य. वाईटपणा कुठल्या अंधाऱ्या मनोऱ्यातून न येता सुखवस्तू घरातून येतो, हे त्याला दिसलेलं होतं. तरीही नाही लिहिलं. फ्रोडोने जखमा घेऊन जहाजात पाऊल ठेवलं ते कशासाठी, याचं उत्तर 'शंभरेक वर्षांच्या शांततेसाठी' असं होऊ नये, असं त्याला वाटलं असेल का? हा माझा अंदाज, पत्रात तसं नाही.

उत्तररात्र

मंजिष्ठा, पण शंभर वर्षांची शांतता थोडी आहे का? परीक्षिताचं राज्यही फार टिकलं नाही. म्हणून कुरुक्षेत्र वाया गेलं असं मी म्हणणार नाही. टॉल्किनने ती गोष्ट लिहिली असती तर मला हवी होती.

मंजिष्ठा

मला नको होती. यावर आपलं जमणार नाही बहुतेक.

नवं_पान

नमस्कार, इतके दिवस नुसती वाचत होते. हा धागा वाचून अर्थसी वाचायची फार इच्छा झाली आहे. निळी_शाईंचं वाचून भीतीही वाटते. तीनवर थांबू की पुढे जाऊ? स्पॉयलर आधीच झालेत, त्यामुळे मोकळेपणाने सांगा.

निळी_शाई

तीन वाचा आणि थांबा. गेडला थोडे दिवस आठवणीत तसाच राहू द्या. घाई नको.

जुनं_पुस्तक

निळी_शाईंशी या बाबतीत सहमत, थोडे दिवस थांबाच. लेखिकेनेही अठरा वर्षं घेतली होती. मात्र चौथं वाचायचं ठरवलंत तर त्याआधी दुसरं, म्हणजे 'द टूम्स ऑफ अटुआन', पुन्हा एकदा वाचून घ्या. 'तेहानू' हा गेडच्या गोष्टीचा पुढचा भाग म्हणून वाचलात तर निराशा होण्याची शक्यता आहे. ती टेनारची गोष्ट आहे. दुसऱ्या पुस्तकात ती अंधाऱ्या भुयारातून बाहेर पडते आणि तिचं पुढे काय झालं हे तिसऱ्यात कुणी विचारतही नाही. तिची गोष्ट तेव्हा संपलेलीच नव्हती.